लोककलेचं प्रदर्शन लावताय? ‘नको’ म्हणायचा हक्क कुणाकडं ते आधी ठरवा

प्रश्न विट्याकडच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा. फाइन आर्टची डिग्री झालीय, सांगलीतल्या एका संस्थेनं जिल्ह्यातल्या लोककलांचं आठ दिवसांचं प्रदर्शन आणि रात्रीचे कार्यक्रम ठरवलेत, घोंगडी, गजनृत्य, धनगरी ओवी, हलगी, मिरजेची तंतुवाद्यं असं सगळं, ह्यांना क्युरेटर, म्हणजे काय मांडायचं आणि कसं ते ठरवणारं माणूस, केलंय आणि प्रपोजलात ‘समाजाच्या नेतृत्वाखाली’ असं छापूनही टाकलंय. त्या म्हणतात मी ह्यातल्या एकाही समाजाची नाही, मग नेतृत्व त्यांचं म्हणजे नक्की काय, आणि मी करायचं काय.

ताई, मला हा प्रश्न पडायला पहिली सात-आठ वर्षं गेली आणि तोवर मी बरंच नुकसान करून बसलो होतो, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी कवठेमहांकाळ तालुक्यातलं एक गजीमंडळ, म्हणजे ढोलावर गजा नाचणाऱ्या धनगरांचं पथक, घेऊन मी पुण्याला गेलो होतो, मोठा हॉल, बाहेर प्रदर्शन आणि आत कार्यक्रम. आयोजक म्हणाले प्रत्येकाला आठ मिनिटं. मी पोरांना बसवलं, हे काढा, ते जोडा, इथं रुमाल उडवा, इथं ढोल वाढवा, असं करत रात्रभर चालणारा गजा आठ मिनिटांत बसवला आणि टाळ्या पण भरपूर पडल्या. आणि बाहेरच्या प्रदर्शनात मी काय केलं, तर देवाची छत्री आणि एका वाटीत भंडारा काचेच्या पेटीत ठेवला, खाली टाइप केलेली चिठ्ठी. मंडळाबरोबर एक म्हातारे आले होते, त्यांना सगळे आबाच म्हणायचे. ते पेटीपाशी आले, बघितलं, काही बोलले नाहीत, बाहेर पायरीवर जाऊन बसले. चहा पण घेतला नाही. रात्री मी विचारलं तर म्हणाले, “देव काचंत ठिवलासा मास्तर, आता निवद कोण दावणार?” मी म्हणालो आबा आधी का नाही सांगितलं, तर म्हणाले, “आमाला इचारलं कुणी?”

रात्री अकराला वॉचमनला उठवून पेटी उघडून घेतली आणि छत्री परत दिली. आयोजक चिडले कारण कॅटलॉगमध्ये तिचा फोटो छापून झालेला. पण त्यापेक्षा मोठं नुकसान मला दहा वर्षांनी कळलं. त्याच गावात परत गेलो तर नवीन पोरं आठ मिनिटांचाच गजा करत होती. स्पर्धेला तेवढाच लागतो, गॅदरिंगला तेवढाच लागतो, मग बाकीचा शिकायचा कशाला. मी पुण्यासाठी केलेली कापाकापी आता त्यांची परंपरा झाली होती, आणि एक पोरगं मलाच सांगत होतं की आमच्यात पहिल्यापासून असंच हाय.

तेव्हापासून माझ्यापुरती व्याख्या सोपी झाली. समाजाचं नेतृत्व म्हणजे उद्घाटनाला स्टेजवर फेटा बांधून बसवलेले चार ज्येष्ठ नव्हेत. त्या लोकांनी ‘हे नको’ म्हटलं आणि ती गोष्ट खरंच थांबली तर नेतृत्व त्यांचं, नाहीतर ते तुमच्या कार्यक्रमातले आर्टिस्ट आणि तुम्ही मालक. ‘हो’ तर कुणी पण म्हणतं हो, पाहुणा दारात आल्यावर आपल्याकडं नाही म्हणायची पद्धतच नाही, म्हणून होकाराला मी फार किंमत देत नाही.

आता तुम्ही ह्यात कोण, ते आपल्या सांगली-साताऱ्याच्या भाषेत सांगतो. गावातल्या दूध सोसायटीत सभासद मालक असतात, सेक्रेटरी पगारी असतो. सेक्रेटरीला फॅट काढता येते, लिखापढी येते, ऑडिट कळतं, म्हणून काय तो मालक होत नाही. तुम्ही सेक्रेटरी आहात. (सोसायटीत पुढं चेअरमन काय करतात ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहितीय, त्यावर खाली येतो.) आणि ही काही माझी कल्पना नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुन्या म्हणून वस्ती आहे, तिथं १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाच्या शाळामास्तरच्या प्रोत्साहनानं तिथल्या मूळ रहिवासी पुरुषांनी बोर्डावर चित्रं काढायला सुरुवात केली आणि १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, पापुन्या तुला नावाची, चित्रकारच मालक. मॅनेजर बाहेरचा असतो पण त्यांनी नेमलेला. आणि गंमत म्हणजे, माझी छत्रीची चूक तिथंही झालेली. सुरुवातीच्या काही बोर्डांवर अशा गोष्टी आल्या की ज्या त्यांच्यात बायकांनी, पोरांनी, दीक्षा न घेतलेल्यांनी बघायच्याच नसतात. आसपासच्या जाणत्या लोकांनी हरकत घेतली, मग चित्रकारांनी ते भाग काढणं बंद केलं, झाकलं. त्यातले काही बोर्ड आजही म्युझियमवाले सरसकट मांडत नाहीत. म्हणजे काय दाखवायचं ह्यापेक्षा काय नाही दाखवायचं हे ठरवणं हीच मूळ क्युरेटरकी आहे, आणि ते बाहेरच्याला कळू शकत नाही, कितीही डिग्र्या असू द्या.

आपल्याकडं क्युरेटर शब्द नवा असेल, काम नवं नाही. आरेवाडीला बिरोबाच्या जत्रेत जा, नाहीतर म्हसवडला, पालीला, तिथं प्रत्येकाला ठाऊक असतं की पहिला ढोल कुणाचा, छत्री कुणी धरायची, पालखी कुठं थांबायची, नारळ कुणी फोडायचा. ‘मान’ म्हणतात त्याला. कुठली वस्तू कुठल्या वेळी कुणासमोर आणि कुणाच्या हातून, हे सगळं पिढ्यानपिढ्या लावलेलं असतं. म्हणून प्रदर्शनाचा नकाशा काढायच्या आधी मान कुणाकुणाचे ते समजून घ्या. कागद-पेन काढू नका, दोन-तीन वेळा नुसतं जाऊन बसा, मोबाइल खिशात.

पण मानकरी म्हणजे अख्खा समाज नव्हे, इथं लोक घसरतात. ज्याला मान आहे त्याचाच आवाज मोठा असतो. गजा पुरुष करतात म्हणून पोस्टरवर सगळे पुरुष. घोंगडी बघा. मेंढरं धनगरांची, लोकर पिंजायची, सूत काढायचं बायकांनी, विणायचं बऱ्याच गावांत सणगर समाजातल्या विणकरांनी, मग चिंचोक्याची खळ लावून ती कडक करायची. आणि आपण चिठ्ठी काय लावतो, ‘धनगरी घोंगडी, सांगली जिल्हा’. सूत काढणाऱ्या म्हातारीचं नाव नाही, सणगराचं पण नाही. माझ्या एका प्रदर्शनात एक आजी चिठ्ठी नातवाकडून वाचून घेऊन म्हणाली, “माझं बोटं झिजली आन नाव जिल्ह्याचं?” त्या दिवसापासून नावाशिवाय वस्तू मांडत नाही, आणि मांडायलाच लागली तर ‘करणारीचं नाव आम्ही विचारलं नव्हतं’ असं सरळ लिहितो, लाज वाटली पाहिजे आपल्याला. पुण्याला हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर ओव्या आहेत त्या, आणि तिथं गाणारीचं नाव, गाव लिहून ठेवायची शिस्त दिसते. एक लाखाला जमतं तर आपल्या चाळीस वस्तूंना का नाही जमणार.

हलगीचं वेगळं. हे नीट वाचा कारण तुमच्या यादीत ती अगदी सहज आलीय. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडली की आपल्या सगळ्यांच्या अंगावर काटा येतो ते खरं, पण ती वाजवणं गावगाड्यात कित्येक घरांवर लादलेलं काम होतं, बलुत्यातलं. मयताला वाजवा, लग्नाला वाजवा आणि जेवायला लांब बसा. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी गावकीची असली कामं ठरवून सोडली, वाजवणं पण सोडलं. काही घरांतली पोरं आता हौसेनं वाजवतात, पथक काढतात, नाव कमावतात, काही घरात हलगीचं नाव काढलेलं आवडत नाही. दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही एखाद्याच्या दारात जाऊन ‘तुमची कला लोप पावत चाललीय हो’ म्हणाल आणि तो म्हणेल, बरं झालं लोप पावली, आमच्या बापानं मुद्दाम सोडलीय. ह्याला जतन-संवर्धनवाल्यांकडं उत्तर नसतं. पोतराजाचं तसंच, एखाद्यानं केस कापून पोराला कॉलेजात घातलं असेल तर त्याला आठ दिवसांसाठी परत आसूड हातात देणारे आपण कोण. एका आयोजकानं माझ्यासमोर एकाला केसांचा टोप लावून उभं केलं होतं, मी गप्प बसलो, तेही माझ्या खात्यावर आहे.

उलट आतल्या माणसानं बदल केला तर काय होतं ते बघायचं असेल तर आपल्याच वाळव्यात बघा. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, तमाशाच्या घाटात वाढलेला माणूस, १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं आणि त्याच तमाशाचं लोकनाट्य करून कामगारांचे प्रश्न त्यात घातले. परंपरा मोडली म्हणून कुणाला ओरडायचं असेल तर ओरडा, पण तो हक्क त्यांचा होता. आणि त्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कुळकर्ण्याचं पोर, ते फडात शिरले ते लावण्या लिहीत, तमाशातल्या नर्तकी पवळाबरोबर, जातीतून बाहेर पडायची किंमत मोजून. म्हणजे बाहेरच्यानं ह्यात यायचंच नाही असं काही नाही, आपण काय ठेवून आलो आणि काय घेऊन जातोय हे फक्त बघायचं.

एक सावधगिरी, पोस्टरवर ‘आदिवासी कला’ असं ढोबळ लिहू नका. इंग्रजी ‘इंडिजिनस’चं भाषांतर म्हणून प्रपोजलवाले तो शब्द ठोकून देतात. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींच्या ‘क’ यादीत आहेत, अनुसूचित जमातीची मागणी कितीतरी वर्षं चाललीय, आणि आदिवासी संघटनांचा तिला विरोध आहे. तुमचं एक पोस्टर दोन्हीकडून ओढलं जाईल आणि प्रदर्शन राहील बाजूला. त्या त्या कलेचं आणि समाजाचं नाव लिहा, ते लोक स्वतःला जे म्हणवतात ते, बास.

मिरजेचं प्रकरण त्या मानानं सोपं, कारण ती मंडळी धंद्यात मुरलेली आहेत, तुम्हालाच शिकवतील. शस्त्रांना धार लावणारी शिकलगारांची घरं, संस्थानिकांचा काळ संपत गेला तशी वाद्यांकडं वळली आणि त्यातली बरीच सतारमेकर झाली, आडनावच ते. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आता संस्थावाले ह्याचा बॅनर लावतील, लावू दे, पण जीआय म्हणजे पेटंट नव्हे, ते नावाला संरक्षण आहे, ‘मिरज सतार’ म्हणून दुसरीकडची सतार विकता येत नाही एवढंच. ते उत्पादकांच्या संस्थेच्या नावानं असतं, दर दहा वर्षांनी नूतनीकरण, आणि प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. तेव्हा प्रदर्शनात ज्यांचं वाद्य ठेवाल त्यांची नोंदणी झालीय का ते विचारा, नसेल तर फॉर्म भरायला एक माणूस बसवा. चार चकचकीत तंबोरे काचेत उभे करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. आणि तंबोरा काचेत ठेवू नकाच, कृपा करून. घोडीवर तार टेकते तिथं कानस घासून घासून जवारी काढतात, बोटभर जागेत अख्खा सूर असतो, ती काढताना कारागीर समोर पाहिजे, आधीचा आवाज आणि नंतरचा आवाज लोकांना ऐकू आला पाहिजे. त्याला दिवसाची मजुरी द्या, ‘लाइव्ह डेमो’ म्हणून फुकट बसवू नका.

पैशाचं आलंच आहे तर सांगतो. मीटिंगला बोलावता तेव्हा समोरच्याचा खाडा होतो. मेंढपाळ एक दिवस तुमच्याकडं आला तर मेंढरांमागं दुसरा माणूस लावावा लागतो. म्हणून चर्चेच्या दिवसाचे पण पैसे, आल्याआल्या, शेवटी नाही. मंडळाच्या एका पुढाऱ्याच्या हातात सगळी रक्कम देऊ नका, (हा तो चेअरमनचा मुद्दा) प्रत्येकाच्या खात्यावर किंवा प्रत्येकाच्या हातात, आणि एकूण बजेटचा कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा, मंडपवाल्याला किती, तुम्हाला किती, त्यांना किती. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मंडपाचा आकडा कलाकारांच्या तिप्पट निघाला आणि सभेत जी शांतता पसरली ती मी विसरलो नाही. आणि प्रत्येकाला तारीख, शिक्का, सहीचं प्रमाणपत्र आणि फोटो द्या. भिंतीवर लावायला नाही, सरकारच्या ज्येष्ठ कलाकार मानधन योजनेला अर्ज करताना कला सादर केल्याचे पुरावे मागतात आणि पन्नास वर्षं ओव्या गाणाऱ्या माणसाकडं एक कागद नसतो.

स्पॉन्सर कोण हे पण त्या लोकांना आधी सांगा. कॅनडात १९८८ मध्ये कॅल्गरीच्या ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मूळ रहिवाशांच्या कलेचं मोठं प्रदर्शन लागलं, प्रायोजक तेल कंपनी, आणि ल्युबिकॉन क्री लोकांनी बहिष्कार पुकारला, कारण त्यांच्याच जमिनीवर तेलासाठी खोदाई चालू होती आणि त्यांचा हक्काचा वाद मिटलेला नव्हता. भांडण एवढं गाजलं की १९९२ मध्ये तिथल्या म्युझियमवाल्यांना आणि मूळ रहिवाशांच्या संघटनेला एकत्र बसून नियम करायला लागले. आपल्याकडं समजा एखाद्या पवनचक्कीवाल्यानं बॅनर लावला आणि त्याच डोंगरावरचं चराऊ रान गेलेला धनगर त्या बॅनरखाली गजा करणार असेल, तर त्याला ते आदल्या रात्री नाही, आधी दोन महिने कळलं पाहिजे.

रेकॉर्डिंगचं. आजकाल पन्नास मोबाइल वर असतात, पण संस्थेचा कॅमेरा वेगळा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नं सादर करणाऱ्याला स्वतःचा हक्क आहे, पन्नास वर्षांचा, त्याच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड करून विकता येत नाही. शाहीर-गायकांना हे कुणी सांगत नाही. ओवीतला काही भाग देवापुढंच म्हणायचा असतो, तो यूट्यूबवर नको असेल तर कॅमेरा बंद, लेन्सवर हात नाही, कॅमेरा बंद.

आता कागदाचं काम. सात-आठ जणांची कमिटी करा, त्यात निदान तीन बायका, आणि ज्याला मान नाही असा एकतरी माणूस. साध्या कागदावर मराठीत लिहा की मांडणी, मजकूर, फोटो, कार्यक्रम ह्यातलं काहीही उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत काढायला सांगायचा हक्क ह्या कमिटीला आहे आणि कारण द्यायची गरज नाही. संस्थेच्या अध्यक्षांची सही घ्या. सही करणार नसतील तर प्रपोजलातनं ‘समाजाच्या नेतृत्वाखाली’ खोडा, निदान खोटं तरी नको. आणि कमिटीनं एखादी वस्तू काढली तर ती जागा भरू नका. रिकामी ठेवा, चिठ्ठी लावा की इथली वस्तू न दाखवायचं ठरलंय. माझ्या अनुभवात लोक त्या रिकाम्या जागेपुढं सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात.

ह्याहून पुढचं बघायचं असेल तर एकदा सिंधुदुर्गात पिंगुळीला जाऊन या. परशुराम गंगावणे, ठाकर समाजातले, चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यावाले, २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी म्युझियम कुठं काढलं तर स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात. बाहुली लाकडाची कशी कोरायची ते पण तेच सांगतात आणि चित्रांची पोथी कुठली उघडायची नाही ते पण त्यांच्याच घरात ठरतं. तिथं तुमच्या-माझ्यासारख्या सेक्रेटरीची पण गरज पडत नाही.

शेवटचं, आणि खरं तर हे पहिल्यांदाच विचारायला पाहिजे होतं. तुम्ही तारीख जानेवारीची लिहिलीय. दिवाळी झाली की जत, आटपाडी, माण, खटावकडचे वाडे, म्हणजे मेंढपाळांची बिऱ्हाडं, मेंढरं घेऊन खाली पाण्याच्या मुलखात उतरतात, शेतात खतासाठी मेंढरं बसवत फिरतात आणि पावसाच्या तोंडाला माघारी येतात. जानेवारीत तुम्हाला गावात म्हातारी माणसं आणि स्पर्धेवाली पोरं सापडतील, ओवी येणारा माणूस कुठल्यातरी उसाच्या रानाकडंला असेल. हॉलचं बुकिंग झालं असेल तर बदला, डिपॉझिट जाईल तेवढं जाऊ दे, आणि नवीन तारीख संस्थेच्या मीटिंगमध्ये काढू नका, वाड्यावर जाऊन विचारा.